हात धुवायची रांग

आमच्याकडच्या वाशीहून सकाळची एसटी धरायची, ईटला उतरायचं, तिथून काळीपिवळी जीप भरेपर्यंत तिच्यात गुडघे आखडून बसायचं आणि फाट्यापासून शाळेपर्यंत पायी जायचं, हे मी अठरा वर्षं करते आहे. एवढ्या वर्षांत तो रस्ता दोनदा झाला आणि तीनदा उखडला. शाळेत पाऊल टाकते तेव्हाच मला घरी जावंसं वाटत असतं. हे मी कोणाला सांगत नाही. शिक्षकानं थकलो म्हटलं की लोक हसतात. तुम्हाला काय, सुट्ट्याच सुट्ट्या, म्हणतात. म्हणू देत बापडे.

शाळा दोन शिक्षकी. तिसरी-चौथी मुख्याध्यापक सरांकडे आणि पहिली-दुसरी माझ्याकडे, एकाच खोलीत. सर माझ्याहून बरेच लहान. माणूस सज्जन, पण त्यांचा निम्मा जीव मोबाईलमध्ये असतो. रोज कसली ना कसली माहिती भरायची असते आणि रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते. त्यातली निम्मी माहिती ते माझ्याकडे ढकलतात. आज खिचडी किती मुलांनी खाल्ली, हे रोज दुपारी मी टाकीजवळ उन्हात उभी राहून भरते. शिकवायचं काम त्यातून उरलेल्या वेळात.

ती मुलगी आली त्या जूनमध्ये माझ्या खोलीत तेवीस मुलं होती. ती चोविसावी. वय सात, नाव पहिलीत. बोलत नव्हती. ऐकू मात्र यायचं, जरा जास्तच यायचं. आमची घंटा म्हणजे चिंचेला टांगलेला रुळाचा तुकडा. तो वाजला की ती दोन्ही कानांवर हात दाबून कपाटामागे शिरायची. हाक मारली तर बघायची नाही. हात धरला तर किंचाळायची. आणि दार उघडं दिसलं की पळायची. कुठं जायचं म्हणून नाही, नुसती पळायची. पहिल्या महिन्यात मी तिला एकदा डांबरी रस्त्यावरून आणली आणि एकदा उडदाच्या रानातून. दुसऱ्या वेळी माझी चप्पल चिखलात राहिली ती राहिलीच.

मग मी दाराला आतून कडी लावायला लागले. तेवीस पोरं सोडून एकीच्या मागं पळणं मला झेपत नव्हतं. कडी लावली की ती दाराशी बसून राहायची आणि फळीवर कपाळ आपटायची. हळू, पण सतत. मी पाढे म्हणून घ्यायचे आणि ती कपाळ आपटायची. ते आठवलं की अजून लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती. तेव्हा फक्त चीड यायची. इतक्या शाळा आहेत, माझ्याच वाट्याला हे का, असं वाटायचं.

तिची आई पहिल्यांदा मला भेटायला आली ती याच कडीवरून. मला वाटलं, भांडायला आली. ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "बाई, कडी लावली ते बेस केलं. मागल्या साली फडात म्या तिचा पाय लुगड्याच्या काठानं खोपीच्या खांबाला बांधत व्हते. ट्रॅक्टर मागंम्होरं व्हत्यात. पोरगी पळती. दुसरं काय करणार?"

घरातले दोघंही ऊसतोडीला जाणारे. आमच्या गावातून दसरा झाला की टोळ्या निघतात, त्या होळीच्या सुमाराला परत येतात. कारखान्याच्या भागात उसाच्या फडाशेजारी खोपी टाकून राहायचं. शाळेतली काही मुलं मागं नात्यागोत्यात राहतात, काही सोबत जातात. ही मुलगी आजवर सोबत गेली होती आणि सहा महिने खांबाला बांधलेली राहिली होती.

"औंदा तिला न्यायची न्हाय," आई म्हणाली. "जाऊबाई ठेवून घेते म्हणती. पर तिची एक अट हाय."

अट जाऊबाईंनी स्वतःच येऊन सांगितली. मुलीची चुलती ती. अंगानं किरकोळ आणि बोलायला रोखठोक. दारात उभ्याउभ्याच म्हणाली, "बाई, मला माझी दोन लेकरं हायती आन मी रोज रानात जाती. शाळंत पाच वाजूस्तवर बसली तर राहू दे माझ्यापाशी, माझी ना न्हाय. पर दुपारच्याला तुमी धाडून दिली तर मी कुठं घालू तिला? दसऱ्यापतुर बघती. बसली तर ठेवती, न्हायतर जाऊ दे आईसंगं."

तिचं काही चुकत नव्हतं. म्हणजे सगळं येऊन पडलं माझ्यावर. दसऱ्यापर्यंत ती मुलगी दहा ते पाच शाळेत बसायला शिकली तर गावात राहणार, नाहीतर खांबाला.

तालुक्याला एक फिरते विशेष शिक्षक होते. एवढ्या शाळा एकट्याकडे, मोटारसायकलवर हिंडून त्यांचा चेहरा काळवंडला होता. ते जुलैमध्ये आले, तासभर तिच्याकडे नुसतं बघत बसले, एक फॉर्म भरला आणि म्हणाले, "मॅडम, तिच्यासाठी वेगळं काही करू नका. रोज जे करता तेच करा, पण रोज त्याच क्रमानं. आता काय आहे आणि नंतर काय आहे, हे तिला आधी कळलं पाहिजे. आणि रोजच्यातलं एखादं काम तिचं म्हणून ठेवा."

मी मान हलवली. मनात म्हटलं, बोलायला काय जातं. तुम्ही गाडीला किक मारून जाल. शिवाय रोज त्याच क्रमानं म्हणजे काय, हे त्यांना माझ्या शाळेत पंधरा दिवस राहून बघायला हवं होतं. एक दिवस प्रशिक्षण, एक दिवस मतदार यादी, एक दिवस सर तालुक्याला गेले म्हणून चारही वर्ग माझ्याकडे. आमच्याकडे क्रम असा नव्हताच. जे अंगावर येईल ते आधी.

पण त्यांचा सल्ला मी मानायच्या आधीच तिनं आपलं काम शोधलं. श्रावणात मुलांच्या बोटांत खरूज आली. स्वयंपाकाच्या मावशी खिचडी वाढण्याआधी साबणानं हात धुऊनच बसवायचं, असं मी ठरवलं. टाकीला चार नळ, त्यातले तीन मोडके. चोवीस मुलं एका नळावर पडली आणि ढकलाढकली सुरू झाली. मी कंटाळून एक बादली भरली, पितळेचा तांब्या घेतला आणि अंगणातल्या ओट्यावर उभी राहून एकेकाच्या हातावर पाणी घालायला लागले. पाचव्या की सहाव्या मुलाच्या वेळी माझी कंबर धरली. मी तांब्या ओट्यावर ठेवून कंबरेवर हात दिला, तेवढ्यात तिनं तो उचलला.

मला वाटलं, आता फेकते. तिनं तो बादलीत बुडवला, अर्धा भरून घेतला आणि पुढच्या मुलाच्या हातावर धार धरली. बारीक, सरळ धार. साबण जाईपर्यंत धरली आणि गेल्याबरोबर थांबवली. थेंब सांडला नाही. मग पुढचं मूल. मग त्याच्या पुढचं. चेहऱ्यावर काही नाही, नजर फक्त हातांवर. एका दुसरीतल्या पोरानं वरवर हात ओले करून सटकायला बघितलं, तर ती त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. तो मुकाट्यानं परत हात पुढं करून उभा राहिला. पोरं हसली, पण रांग मोडली नाही.

सगळ्यांचे झाल्यावर ती तांब्या घेऊन माझ्यासमोर आली. मी तेव्हा मोबाईलवर आकडे भरत होते. हो हो, ठेव तो तिकडं, म्हणाले. ती हलली नाही. मी टाकीजवळ गेले, ती मागून आली. शेवटी मी मोबाईल काखेत धरून हात पुढं केले, तिनं माझ्या हातावर पाणी घातलं, तांब्या पालथा केला आणि जाऊन पंगतीत बसली. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं इतरांमध्ये बसून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही. मी भिंतीला एक खिळा ठोकला आणि तांब्याच्या गळ्याला सुतळी बांधून तो त्यावर अडकवायला सुरुवात केली. मग मला त्या फिरत्या शिक्षकांचं बोलणं आठवलं आणि, मनातून जरा नाखुशीनंच, जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं मी सहा चित्रं काढली. ओळीत लावलेल्या चपला, हजेरीचं पुस्तक, पाटी, तांब्या, ताटली आणि शेवटी दप्तर. माझी चित्रकला यथातथाच. तांब्या भोपळ्यासारखा दिसत होता. दोरीवर चिमट्यांनी ती अडकवली आणि एक गोष्ट झाली की एक चित्र काढून डब्यात टाकायचं असं ठेवलं. टाकायचं काम रोज वेगवेगळ्या मुलाकडे.

ती दिवसातून वीस वेळा त्या दोरीपाशी जायची. तांब्याच्या चित्रावर बोट ठेवायची, मग त्याच्या आधी किती उरलीत तिकडं बघायची आणि परत येऊन बसायची. हजेरी झाली, चित्र डब्यात. पाटी झाली, चित्र डब्यात. हळूहळू ती घंटेच्या आधी स्वतःच कान झाकून तयार राहायला लागली, कारण आता घंटा होणार हे तिला कळत होतं. कपाटामागे शिरणं थांबलं. गौरी-गणपतीच्या सुमाराला मी दाराची कडी काढली. ती उघड्या दाराकडे बघून परत दोरीकडे वळली.

आता दुपार राहिली. खिचडीनंतर दप्तराच्या चित्रापर्यंत तिला दम निघायचा नाही. मग चित्रं वाढवली. तिथं आमच्या चार झाडांना पाणी घालायचं चित्र आलं, तेही काम तिचंच. दुपारी तीनला झाडं, मग गोष्ट, मग दप्तर. मला वेळेवर गोष्ट सांगावीच लागायची. डोळे मिटत असले तरी, सर टाकीजवळून हाका मारत असले तरी. कधी मी पुस्तकाऐवजी तपासायच्या वह्या हातात घेतल्या तर ती उठून दोरीपाशी जायची आणि गोष्टीच्या चित्रावर बोट आपटत राहायची. तिच्यामुळे बाकीच्यांनाही सवय लागली. दुसरीतली मुलं मला सांगायला लागली, बाई, आता पाटी हाय, तुमी मोबाईल ठिवा. आमच्या खोलीला पहिल्यांदा क्रम लागला आणि तो पाळायला मला सर्वांत जड गेलं.

चुलती मधूनच रानातून येताना खिडकीतून डोकवायची. सगळं रोजच्यासारखं झालं की ती बसते, असं मी तिला सांगायचे. एकदा पावणेपाचला आली, मुलगी गोष्टीच्या वेळी इतर मुलांत बसलेली बघितली, आणि पदर सावरून गेली. दुसऱ्या दिवशी तिनं लेकराच्या हाती माझ्यासाठी ताज्या भुईमुगाच्या शेंगा पाठवल्या. दसऱ्याला तेव्हा दहा-अकरा दिवस उरले होते. मला वाटलं, जमलं.

मग साहेब येणार असा निरोप आला.

कुठले साहेब, कशासाठी, ते महत्त्वाचं नाही. येणारे साहेब नेहमी समावेशित शिक्षण बघायला किंवा गुणवत्ता बघायला येतात, आणि त्यांना नेहमी पुढं वाशीला जायचं असतं. सर आदल्या दिवसापासून गांगरलेले. "मॅडम, खिचडी उद्या अर्धा तास आधी वाढू. साहेब असतानाच फोटो व्हायला पाहिजे," एवढंच ते म्हणाले. पुढचं मी केलं. ते कोणी सांगितलं नव्हतं.

सकाळी खोली झाडताना मी साहेबांच्या नजरेनं सगळीकडं बघायला लागले. ओटा ओला. पोरं रांगेत ताटकळत. आणि एक विशेष गरजा असलेली मुलगी, जिचं नाव आम्ही वेगळ्या रकान्यात भरतो, ती बादली आणि तांब्या घेऊन सगळ्यांच्या हातावर पाणी घालते आहे. हे काय, मॅडम? या मुलीकडून तुम्ही काम करून घेता? असं साहेब म्हणतील. शेरेबुकात लिहितील. मी काय समजावून सांगणार? दोन मिनिटं थांबणाऱ्या माणसाला दोन महिन्यांचं काय सांगणार?

मी खिळ्यावरचा तांब्या काढला, कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. एका दिवसाचा प्रश्न, म्हटलं. दोरीवरची भोपळ्यासारखी चित्रंही बरी दिसेनात, म्हणून ती उतरवून त्या जागी समावेशित शिक्षणाचा छापील तक्ता लावला. तक्त्यावर चाकाच्या खुर्चीतलं एक हसरं मूल होतं. मुलीला मी पहिल्या रांगेत बसवलं, वेणीला नवी रिबीन बांधून.

ती सकाळीच आली तेव्हा भिंतीकडं बघून उभी राहिली. तक्त्यावर बोट फिरवलं. मग बसली. मी मनात म्हटलं, बघा, बसली की.

साहेबांची गाडी साडेबाराला आली. खिचडी वाढायची वेळ झाली म्हणून मी मुलांना भराभर त्या एका नळाकडं पिटाळलं. ती उठली आणि खिळ्यापाशी गेली. खिळ्यावर हात ठेवला. तांब्या नव्हता. तिनं खाली बघितलं, बादलीत बघितलं, ओट्याच्या मागं बघितलं आणि पुन्हा खिळ्यावर हात ठेवला. इकडं पोरं अर्धेमुर्धे हात ओले करून पंगतीत बसायला लागली होती. ती त्यांना उठवायला गेली. एकाचा हात धरून ओढला, दुसऱ्याची ताटली सरकवली. खिचडी सांडली. सरांनी तिला मागून धरलं. त्यांची चूक नाही, त्यांना वाटलं पोरगी भाजेल. आणि मग ती जी किंचाळली ती थांबेचना. सरांच्या हाताला चावली, सुटली आणि ओट्याच्या कडेवर कपाळ आपटायला लागली. पहिल्या महिन्यासारखं हळू नाही. रक्त आलं.

साहेब वाईट माणूस नव्हते. ते घाबरले होते. "हिला आज घरी पाठवा, मॅडम," म्हणाले आणि गाडीतून त्यांचा स्वतःचा रुमाल काढून दिला. चुलतीला सोयाबीनच्या रानातून बोलावून आणलं. ती विळ्यासकट पळत आली. मी घडलेलं सांगितलं, म्हणजे आज जरा गडबड झाली, एवढं सांगितलं. तिनं मुलीला कडेवर घेतलं, भिंतीवरचा रिकामा खिळा बघितला आणि मला विचारलं, "तुमीच म्हणला व्हता ना बाई, समदं रोजच्यावाणी झालं की ती बसती? मग आज रोजच्यावाणी का न्हाय केलं?"

मी म्हणाले, साहेब आले होते. ती म्हणाली, व्हय, साहेब. आणि गेली.

मुलगी चार दिवस आली नाही. मी चौकशीला घरी जायला हवं होतं. शाळेपासून घर हाकेच्या अंतरावर. पण पाच वाजले की माझी शेवटची जीप असते आणि ती चुकली तर मुक्काम पडतो, हे कारण माझ्याकडे होतं. चार दिवस ते कारण मी वापरलं.

पाचव्या दिवशी आई आली. दसरा परवावर होता. पुन्हा पायरीवर बसली. "जाऊबाई न्हाय म्हणती," ती म्हणाली. "पर तुमी सांगितलं तर ऐकंल ती. तुमी एक डाव म्हणा की पोरगी बसती म्हणून. तुमी म्हणला तर ठेवून जाते."

तेव्हा मी हो म्हणायला हवं होतं. ती बसत होती, हे मला माहीत होतं. ती का बिघडली हेही मला माहीत होतं, आणि मला एकटीलाच पूर्ण माहीत होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर पुढचे सहा महिने आले. रोज तीच दोरी, तीच चित्रं, तीच वेळ. एक दिवस चुकायची सोय नाही. आणि काही झालं तर आई दोनशे मैलांवर आणि जबाबदारी माझी. मी म्हणाले, "मला खात्रीनं काही सांगता येत नाही, ताई. तुमचं तुम्ही ठरवा."

आई उठून गेली. मला हलकं वाटलं. ते वाटायला नको होतं, पण वाटलं.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी मी फाट्यावर जीपमधून उतरत होते, तेव्हा टोळीचा ट्रॅक्टर निघाला. ट्रॉलीत गाठोडी, कोंबड्या, बायका, पोरं. ती गाठोड्यांमध्ये कानांवर हात दाबून बसली होती, कारण ट्रॅक्टरचा आवाज. आईनं मला बघून हात केला. मीही केला.

शाळेत मी दोरी पुन्हा लावली, पण कपाटातला तांब्या काही काढला नाही. आठवडाभर दुपारी पोरं ओट्यापाशी रांगेत उभी राहायची, मग तीही नळावर पडायला लागली. खिळा रिकामाच राहिला. हजेरीत तिच्या नावापुढं मी स्थलांतरित असं लिहिलं. शेरेबुकात साहेबांनी लिहून ठेवलं होतं, तक्ता उत्तम.

होळी झाली, शाळा सकाळची झाली, आणि एका दिवशी परिपाठाच्या वेळी आई तिला घेऊन दारात उभी. मुलगी वाळली होती. उन्हानं रापली होती. उजव्या घोट्याभोवती एक काळपट पट्टा होता. मला तिकडं बघवेना, आणि नजरही हटेना. ती मात्र माझ्याकडे न बघता सरळ दोरीपाशी गेली आणि सगळी चित्रं एकेक करून बोटानं मोजली.

आई पायरीवर बसली. दुपारपर्यंत बसते म्हणाली, काय होतंय बघते. मी मुलांना पाटीवर काहीतरी लिहायला दिलं आणि तिच्याशेजारी बसले. कसं गेलं, म्हणून विचारलं.

"जाताना लई तरास दिला," ती म्हणाली. "मग एक येड काढलं तिनं. जेवायच्या टायमाला समद्या बाया फडातून यायच्या, तवा ही पाण्याचा मग भरून हुभी. समद्यांच्या हातावर पाणी घालायची. एकीला सोडायची न्हाय. मुकादम आला तर त्याच्याबी हातावर. बाया म्हणायच्या, गुणाची पोर हाय. तेवढ्या टायमाला सोडत व्हते तिला, पळायची न्हाय."

आईनं पदरानं तोंड पुसलं.

"पर शेवटी थोडं पाणी ठेवायची मगात. आन ते घेऊन हुभी ऱ्हायाची, वाटंकडं तोंड करून. कुणाला घालू देयाची न्हाय, सांडू देयाची न्हाय. जेवायला बोलावलं तर यायची न्हाय. मी मग काढून घेयाची तवा खायाची. सा म्हैने, रोज." आई माझ्याकडं बघून म्हणाली, "कुणाचं पाणी ठेवत व्हती बाई ती? तुमाला ठावं हाय का?"

मी म्हणाले, "काय माहीत."

मग मी आत गेले. कपाटाचं कुलूप काढायला वेळ लागला, किल्ली फिरत नव्हती. तांब्या काळा पडला होता. तो पदरानं पुसून मी खिळ्याला अडकवला.

खिचडीची वेळ झाली. तिनं तांब्या उचलला. पोरांनी काही न सांगता रांग धरली, पहिलीतली मुलं मोठ्यांच्या मागं उभी राहिली. ती एकेकाच्या हातावर बारीक धार धरत पुढं सरकत होती. आई पायरीवरून बघत होती. सगळ्या मुलांचे हात झाले. रांग संपली. तांब्यात तळाला थोडं पाणी उरलं होतं. ते न सांडता ती ओट्यावरून उतरली, आईला ओलांडून गेली आणि टेबलाशी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

मी उठून दोन्ही हात पुढं केले. आई बघत होती.